काळ्या लोकरीचा स्वेटर मला कुणी शिकवला

प्रिय निखिल, प्रिय सई,

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या आईलाही नाही. खरं तर मुक्ताला सांगायला हवं होतं. ते घडलं तेव्हा ती त्याच खोलीत बसली होती. पण तिच्या मांडीवर तू होतास, निखिल, आणि तू जोरजोरात रडत होतास.

मग आता का? सई, तुझ्यामुळे. गेल्या आठवड्यात तू फोनवर सांगितलंस, की शाळेत घरातल्या एका हुशार माणसाबद्दल बोलायचं होतं आणि तू माझ्याबद्दल बोललीस. डोळे मिटून विणायची पद्धत माझ्या आजीनं शोधून काढली, असं तू वर्गाला सांगितलंस. मुलांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. मी म्हटलं, "वा गं माझी राणी." फोन ठेवला, स्वयंपाकघरात गेले आणि फळीवरचे डबे पुन्हा ओळीनं लावले. ते आधीच ओळीत होते.

ती पद्धत माझी नाही, सई.

एवढं एक वाक्य लिहायला मला चार दिवस लागले. आणि तेवढंच असतं तर ते मी फोनवरही सांगितलं असतं. पत्र लिहितेय ते पुढच्यासाठी. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं — मलाही. इंग्रजीत मला वाईट गोष्ट चांगली मांडता येते. म्हणून मराठीत. मुक्ता तुम्हाला वाचून दाखवेल. मुक्ता, काही गाळू नकोस.

तर — हौसाबाई.

हौसाबाई आमच्या कॉलनीत फुलं घालायच्या. मखमलाबादच्या बाजूला त्यांचा थोडा मळा होता. शेवंती, गुलाब, अष्टर, बांधावर कुंद. सकाळी सातच्या आत पुडी फाटकाला लागलेली असायची. थंडीत नाशिकला नदीकडून धुकं वर येतं, समोरचं घर दिसत नाही, बंबाचा धूर तेवढा दिसतो. तशा धुक्यातूनही त्या वेळेवर यायच्या. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या. त्या मला अहो-जाहो करत आणि मी त्यांना अगं-तुगं. तेव्हा ते कुणालाच खटकत नव्हतं. या पत्रात मी तसं करणार नाही.

निखिल, तुझा जन्म इथलाच. मुक्ता बाळंतपणाला माहेरी आली होती आणि मी शाळेच्या ग्रंथालयातली नोकरी त्याच वर्षी सोडली होती. आयुष्यभर पुस्तकं नंबरानं लावली, आता नातवासाठी काहीतरी हातानं करावं असं मनात आलं. संक्रांतीला तुझं बोरन्हाण करायचं होतं. बोरन्हाणाला बाळाला काळं घालतात, अंगावर हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओततात. काळं झबलं सगळेच शिवतात. थंडी कडक होती. मी ठरवलं, काळा स्वेटर विणायचा. आयुष्यातला पहिलाच. मेन रोडवरून काळी लोकर आणली, सुया आणल्या, विणकामाचं एक जाड इंग्रजी पुस्तक आणलं, वहीत तक्ता आखला — रोज इतक्या ओळी.

विणणाऱ्या कुणालाही विचारलं असतं तर ती हसली असती. नवशिक्या बाईनं काळी लोकर घ्यायची नसते. काळ्यावर टाके दिसतच नाहीत. कुठला सुलट, कुठला उलट, कुठे टाका गळला — काही म्हणजे काही कळत नाही. पण विचारणार कुणाला? पुस्तकात हे लिहिलेलं नव्हतं. पुस्तकातली सगळी चित्रं पांढऱ्या आणि गुलाबी लोकरीची होती.

तीनदा उसवलं. चौथ्यांदा मागच्या दारी उन्हाला बसून उसवत होते, तेव्हा हौसाबाई रिकामी पाटी घेऊन परत जाताना पाणी प्यायला थांबल्या.

"काय वहिनी, पयल्याच स्वेटरला काळी लोकर? आंधारात म्हैस हुडकायची हाय का?"

मला राग आला. म्हटलं, "तुला काय कळतं त्यातलं?" 

त्यांनी तांब्या खाली ठेवला, हात पदराला पुसले, आणि माझ्या हातातून सुया घेतल्या. माझ्याकडे बघतच, लोकरीकडे न बघता, त्यांनी एक ओळ विणली. मग दुसरी. मग म्हणाल्या, "डोळं मिटा. हे डोळ्याचं काम न्हाई."

त्या कशा शिकल्या ते त्यांनीच सांगितलं. एका घरून त्यांच्या मुलाला जुना स्वेटर मिळाला होता. तो त्यांनी मुलाला घालायला दिला नाही लगेच. तो उसवला. एक ओळ उसवायची, धागा कुठून कुठे गेला होता ते बोटानं पाहायचं, आणि तीच ओळ पुन्हा विणायची. सुया म्हणून नवऱ्याच्या मोडक्या सायकलच्या चाकातल्या दोन तारा, दगडावर घासून गुळगुळीत केलेल्या. पहाटे वीज नसायची, अंधारात गजरे ओवायची सवय होती, म्हणून अंधारातच विणायच्या. एक अख्खा हिवाळा असा गेला. शेवटी मुलाला स्वेटर मिळाला — तोच, पण आता त्यातला प्रत्येक टाका त्याच्या आईचा होता. मुलगा थंडीचा उघडा राहिला का तोवर? मी विचारलं. "माझं लुगडं गुंडाळून हिंडला," म्हणाल्या. "चिडवायची पोरं. पर त्याची आई शिकली ना."

तुम्ही सांगा, हुशार माणूस कोण?

मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. हाताशी पुस्तक, नंबर असलेल्या सुया, आखलेली वही. आणि मला स्वेटरची साधी पाठ विणता येत नव्हती.

त्या दिवसापासून रोज दहाच्या सुमारास फुलं संपली की त्या मागच्या पायरीवर बसायच्या. मी खुर्चीवर, त्या पायरीवर. त्यांनी आपल्या पदरानं माझे डोळे बांधले. सुलट टाका बोटाला गुळगुळीत लागतो, उलट टाक्याला उंचवटा असतो, ज्वारीच्या दाण्यासारखा. टाका गळला तर शिडीसारखी मोकळी फट लागते. अंगठ्यानं मोजायचं. दहा टाक्यांना एकदा थांबायचं, श्वास घ्यायचा. चुकले की त्या माझ्या हातावर हलकी चापटी मारत — मला लहानपणानंतर कुणी मारलं नव्हतं — आणि म्हणत, "बघू नका म्हनलं ना! लय बघता तुम्ही." पंधरा दिवसांत पाठ झाली. मग पुढचा भाग, मुंढे, गळा. डाव्या काखेत माझे चार टाके गळले आणि खाली पाच ओळी घसरले. मी रडकुंडीला आले. त्यांनी झोळीतून सायकलच्या तारा काढल्या, ते चार टाके एकेक ओळ वर चढवले आणि तिथे घट्ट बसवले. बाकी सगळं मी विणलं. मला ते सांगायला अजूनही आवडतं. त्या दिवसांत मी जितकी आनंदात होते तितकी फार कमी वेळा होते.

एकदा, बाही सुरू असताना, त्या म्हणाल्या की आमच्या महिला मंडळाचा विणकामाचा वर्ग सुरू होणार आहे असं त्यांनी कुठल्याशा दारात ऐकलंय. शिकवायला कुणी हवं आहे.

"तुमी शबुद टाकला तर हुईल वहिनी. लय वर्सं झाली दारात उभं ऱ्हाऊन. एकदा खुर्चीवर बसून शिकवावं वाटतं. लेकीला दावायचंय."

मी म्हटलं, "टाकते की. तुझ्याशिवाय आहे कोण?" अगदी मनापासून म्हटलं. संक्रांतीला हळदीकुंकवाला सगळ्या येतीलच, तेव्हाच विषय काढते, असंही म्हटलं. त्या हसल्या. त्यांचा पुढचा एक दात पडलेला होता, हसताना तोंडावर पदर घेत. त्या दिवशी घेतला नाही.

संक्रांतीचा दिवस आला. तुला स्वेटर घातला, निखिल, वर हलव्याचा मुकुट. चाळीस-एक बायका होत्या. मंडळाच्या अध्यक्षा सुमतीबाई तुझ्याजवळ वाकल्या, बाही उलटून पाहिली आणि मोठ्यानं म्हणाल्या, "अगं बाई, काळी लोकर! आणि पहिला स्वेटर? शिकलात कुणाकडे?"

हौसाबाई दारात उभ्या होत्या. मीच बोलावलं होतं, वाणाबरोबर प्रत्येकीला कुंदाचा गजरा द्यायला. पाटी कमरेवर. माझ्याकडेच बघत होत्या.

आता मी फिरून फिरून त्या जागी आलेच आहे. तर लिहिते.

मी म्हटलं, "कुणाकडे म्हणजे — पुस्तकावरून."

सगळ्या हसल्या. "तरीच! ग्रंथालयातल्या ना शेवटी!" आणि सुमतीबाई म्हणाल्या, "मग आमच्या वर्गाला दुसरी बाई शोधायलाच नको." 

मी नाही म्हटलं नाही.

मला कुणी भाग पाडलं होतं का? नाही. हौसाबाईंचं नाव घेतलं असतं तर काय झालं असतं? दोघी-तिघींनी भुवया उंचावल्या असत्या, एखादी म्हणाली असती, "फुलवालीकडून?" बस, इतकंच. त्या एका शब्दाची मला लाज वाटली — मला, जिचे डोळे त्यांनी पदरानं बांधले होते. त्यांनी सगळ्यांना गजरे दिले. शेवटचा माझा. "घ्या वहिनी," म्हणाल्या. हात थंड होता.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता त्या मागच्या दारी आल्या. बसल्या नाहीत.

"वहिनी, ते पुस्तक दावा की. मलाबी बघू द्या."

मी आणून दिलं. काय करणार होते? त्यांनी हात पुसले, एकेक पान नीट उलटलं, पुस्तक खराब होऊ नये म्हणून कडेला धरून. शेवटपर्यंत गेल्या. मग विचारलं, "ह्यात काळी लोकर कुठंय?"

मी पाण्याचा तांब्या आणायला वळले.

"चित्रं झ्याक हायेत," म्हणाल्या आणि पुस्तक माझ्या हातात दिलं.

त्यानंतर त्या पायरीवर कधी बसल्या नाहीत. तारा माझ्या विणकामाच्या पिशवीत राहिल्या होत्या. त्यांनी मागितल्या नाहीत, मी दिल्या नाहीत.

मी आठ हिवाळे तो वर्ग घेतला. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या डोळ्यांवर रुमाल बांधायचे. ज्वारीच्या दाण्याचा दाखलाही तोच द्यायचे. "लय बघता तुम्ही" हेसुद्धा — फक्त शुद्ध मराठीत. बायका आपापल्या मुलींना शिकवताना 'बाईंची पद्धत' म्हणू लागल्या. मुक्ता परदेशी गेली तेव्हा ते नाव तिच्याबरोबर तुमच्या घरी पोचलं, आणि तुझ्या वर्गापर्यंत गेलं, सई.

आणि ती सगळी आठ वर्षं फुलांची पुडी सातच्या आत फाटकाला होती. एक दिवस चुकला नाही. एक फूल शिळं नाही. वर्गातल्या निम्म्या बायका त्यांच्याकडूनच फुलं घेत. त्या एक वाक्य बोलल्या असत्या तर माझी उरलीसुरली किंमत गेली असती. बोलल्या नाहीत. गिऱ्हाइकं तुटतील म्हणून गप्प राहिल्या असतील का? हा विचार मी कितीदा तरी केला, आणि तो करताना मला बरं वाटायचं — हेही लिहून ठेवते. पण मला तसं खरंच वाटत नाही. पुस्तक परत देताना त्यांचा चेहरा मी पाहिला होता. मी सांगण्याची त्यांनी एकदा वाट पाहिली, आणि मग वाट पाहणं सोडून दिलं. एवढा ताठ कणा मी दुसऱ्या कुणाचा पाहिलेला नाही.

पुढे त्यांच्या मळ्याच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. एका दिवाळीनंतर पुडी यायची थांबली. त्यांच्या सुनेनं सांगितलं, आत्या लेकीकडे सटाण्याला राहायला गेल्या. सटाणा काही विलायत नाही. सकाळच्या एस.टी.नं जाऊन संध्याकाळी परत येता येतं. मी गेले नाही. दोन वर्षांनी मालेगावच्या एका लग्नाला जाऊन आले, सटाणा तिथून जवळच; तेव्हाही नाही. नंतर सुनेकडून कळलं की त्या वारल्या. तिथे त्यांनी गल्लीतल्या मुलींना विणायला शिकवलं होतं म्हणे, ओट्यावर बसून, लेकीच्या देखत. हे ऐकून मला आनंद झाला. त्या आनंदावर माझा हक्क नव्हता.

सई, तुझ्या वर्गाला काय सांगायचं ते तू ठरव. मी तुला काही सुचवणार नाही.

स्वेटर अजून आहे. निखिलनंतर तूही तो घातलास. कपाटाच्या तिसऱ्या कप्प्यात, जुन्या साडीत गुंडाळून, डांबराच्या गोळ्या घालून ठेवला आहे; सायकलच्या दोन तारा त्याच्याच घडीत आहेत. डावी बाही उजवीपेक्षा बोटभर लांब आहे. डाव्या काखेतले चार टाके बाकीच्यांहून घट्ट आहेत. ते दिसत नाहीत. डोळे मिटून बोट फिरवलं की लागतात.