अक्काच्या हाकेचं पेटंट

ती केस आठवली की आजही मी चहा पिता पिता एकटाच हसतो आणि बायको स्वयंपाकघरातून विचारते, आता काय झालं? नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण त्यांच्या आठवणीनं कुणाला हसू येत नाही. म्हणून ही सांगतो. नाव कुणाचंच घेणार नाही. माणसं अजून शिरपूर तालुक्यातच राहतात आणि भेटली की चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत.

तेव्हा मी तापीकाठच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत एका अंगाला केळी, दुसऱ्या अंगाला कापूस. त्या हंगामात आमची डोकेदुखी एकच होती, विहिरीवरच्या मोटारींची केबल. चोर केबल कापायचे, वरचं प्लास्टिक जाळायचे आणि आतलं तांबं भंगारात घालायचे. रोज एक शेतकरी तक्रार घेऊन हजर.

त्याच हद्दीत एक संशोधक राहत. गाव त्यांना नाना म्हणे. भुसावळकडे कारखान्यात नोकरी करून गावी परतले होते आणि कुलपं, भोंगे, वायरलेस यांतलं काहीतरी सतत जुळवत बसायचे. त्यांच्या नावावर खरोखरची पेटंटं होती. प्रमाणपत्रं फ्रेम करून ओट्यावर टांगलेली. येणाऱ्या-जाणाऱ्यानं ती वाचलीच पाहिजेत. नम्रपणा त्यांच्या वाटेला कधी गेला नव्हता. ‘‘साहेब, तुमनं खातं आजून शिट्टीवरच चालस,’’ हे ते माझ्याच केबिनमध्ये, माझाच चहा पीत सांगत. त्यांचं एक कुलूप मालकाचं बोट ओळखून उघडायचं. फक्त बोटाला केळीचा चीक लागला असेल तर मालकालाही बाहेर ठेवायचं. आमच्या गावात चीक न लागलेलं बोट शोधायचं कुठे? ते कुलूप काही खपलं नाही.

त्यांचं नवं पेटंट मात्र वेगळं होतं. केबलला कुणी हात लावला की खांबावरची छोटी पेटी, कोण आहे रे तिथे, असं अहिराणीत विचारायची, ‘‘कोन शे रे तठे?’’ आवाज नानांच्या थोरल्या बहिणीचा. तिला सगळं गाव अक्का म्हणतं आणि सगळं गाव तिला वचकून असतं. समोरचा जे उत्तर देईल ते पेटी टिपून आजूबाजूच्या शेतकऱ्यांच्या मोबाइलवर पाठवायची. नानांचं म्हणणं, भोंगा वाजला की चोर पळतो. पण अक्कानं हाक मारली आणि ओ दिली नाही, असा माणूस खानदेशात अजून जन्माला यायचाय.

पुण्याची एक कंपनी पेटी बनवायला जवळजवळ तयार होती. अडलं होतं इथंच. त्यांचे इंजिनियर फोनवर म्हणाले, ‘‘चोर कशाला उत्तर देईल? तरी एकदा येऊन पाहतो.’’ नानांची इतकी वर्षं या एका भेटीवर टांगलेली होती. पेटंटं भिंतीवर पुष्कळ झाली, एखादं तरी लोकांच्या हातात जावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

आणि बाजाराच्या दिवशी, गाव बाजारात गेलेलं असताना, भरदुपारी नानांच्या विहिरीवरची केबल गेली. सोबत पेटीही. तेवढी एकच चालू पेटी होती.

नाना ठाण्यात आले ते रागानं लाल होऊन. मी गुन्हा दाखल करून घेतला, बीट हवालदाराला घेऊन जागेचा पंचनामा केला. पेटीनं आपलं काम केलं होतं. नानांच्या मोबाइलवर आवाज आला होता, ‘‘मीच शे वं अक्का!’’ मग पान्ह्याची खटखट आणि शांतता. नाना त्या अवस्थेतही मला म्हणाले, ‘‘दखा, दिधी का नही ओ?’’

आवाज गावातलाच होता हे उघड होतं. मी तो पारावर ऐकवला. सगळ्यांनी कान देऊन ऐकला, एकमेकांकडे पाहिलं आणि कुणालाच ओळखू आला नाही. खेड्यात माणूस चोराला शिव्या देईल, पण पोलिसाला नाव देणार नाही. उद्या त्याच्याच बांधावरून जायचं असतं. मी फार आग्रह धरला नाही.

खबर आली धुळ्याहून. तिथले एक भंगार व्यापारी, वयस्क मुसलमान गृहस्थ, माल पारखण्याआधी माणूस पारखायचे. त्यांनी फोन केला. ‘‘साहब, एक आदमी तांबे की केबल लाया था. मैंने लिया नहीं. जाते जाते पूछता है, बोलनेवाली पेटी तोड दी तो अंदर की आवाज मरती है क्या? ऐसा सवाल कौन पूछता है?’’ चेहरा त्यांना नीट सांगता आला नाही, पण सदरा सांगितला. दोन्ही खांद्यांवर काळपट डाग, धुऊनही न गेलेले.

केळीचा चीक. घड खांद्यावर वाहणाऱ्याच्या सदऱ्यावर तो जन्माचा बसतो. केळी कापणीच्या टोळीतून, तो माणूस धुळ्यात दिसला त्या दिवशी कामावर नसलेला गडी शोधायला फार वेळ लागला नाही. चौकशीसाठी ठाण्यात आणला.

गडी पक्का होता. आवाज ऐकवला तर म्हणे, माझा नाही. धुळ्याला का गेलास? तर मावशीकडे. मावशी कुठली? तर वारली. मी खुर्ची बदलून बसलो, हवालदारानं समजावलं, चहा पाजला. चहा घेतला, कबुली नाही. ‘‘माले काय बी माहीत नही साहेब,’’ एवढं एकच पालुपद.

पुण्याचे दोघे इंजिनियर नेमके त्याच दिवशी आले. दाखवायला पेटी नाही, म्हणून नाना त्यांना सरळ ठाण्यात घेऊन आले होते. तिघेही सकाळपासून ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर बसलेले. इंजिनियर घड्याळ बघत होते. नानांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता, आणि खरं सांगतो, मला ते पाहवेना.

तेवढ्यात अक्का आल्या. भाऊ सकाळपासून उपाशी म्हणून भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी घेऊन. ठाणं असो की कुणाचं घर, ओट्यावर पाय ठेवण्याआधी हाक मारायची, ही त्यांची रीत. त्यांनी पायरीवरून खणखणीत आवाज दिला, ‘‘कोन शे रे तठे?’’

आणि आतल्या खोलीतून, माझ्यासमोर बसलेला गडी ताठ होऊन म्हणाला, ‘‘मीच शे वं अक्का!’’

मग गड्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि बाहेर नानांनी टेबलावर अशी थाप मारली की स्टेशन डायरी खाली पडली. इंजिनियरांपैकी थोरला मला विचारू लागला, ‘‘हे तुम्ही ठरवून केलंत?’’ उत्तर नानांनी दिलं. ‘‘ठरवीसन अक्का येस का कठे?’’

कायद्याच्या दृष्टीनं त्या उत्तराला किंमत नव्हती. पण त्यानंतर गड्यानं पंचांसमोर निवेदन केलं आणि आम्हाला घरी नेलं. भाव वाढेल म्हणून साठवलेल्या कापसानं त्याची एक खोली छतापर्यंत भरलेली. माझ्या हवालदारानं कोपरापर्यंत हात घातला, तसा कापसाच्या पोटातून आवाज आला, ‘‘कोन शे रे तठे?’’

हवालदार दचकून म्हणाला, ‘‘पोलीस शे अक्का!’’

पंच हसले, मी हसलो, पंचनामा लिहिणाऱ्याचा पेन थांबला. पेटी शाबूत निघाली. केबलही तिथेच होती. मी गड्याला विचारलं, ‘‘अरे, एवढी भीती होती तर फोडून का टाकली नाहीस?’’

तो खाली मान घालून म्हणाला, ‘‘दगड उचला व्हता साहेब. पन त्यामा अक्काना आवाज शे. दगड कसा टाकू?’’

आमच्यासोबत आलेल्या नानांनी ते ऐकलं आणि पेटीला चिकटलेला कापूस सदऱ्याच्या बाहीनं पुसून काढला. कंपनीनं पेटी घेतली. दुसऱ्या भागांसाठी तिथल्या तिथल्या वडीलधाऱ्या बाईचा आवाज घालायचं ठरलं. कोर्टाच्या पहिल्या तारखेला अक्का आल्या, गड्याला चारचौघांत शिव्या घातल्या आणि मग पदराखालून भाकरी काढून दिली. मी दोन्हीकडे काणाडोळा केला.

नोकरीभर मीही लोकांना दरडावून विचारलं, कोण आहे तिकडे? उत्तर म्हणून पळणारी पावलं ऐकली. चोरातसुद्धा कुणाचा तरी भाचा, कुणाचा तरी पुतण्या बसलेला असतो आणि त्याला हाक मारायचा आवाज वेगळा असतो, हे मला अक्कांनी शिकवलं. तेही भाकरी द्यायला येऊन.

आता धुळ्यातल्या माझ्या फाटकावर नानांनी दिलेली पेटी आहे. परवा तिची बॅटरी उतरली होती. मी भाजी घेऊन आलो, फाटक ढकललं, पेटी गप्प. पाऊल काही आत पडेना. इकडेतिकडे पाहिलं, कुणी नव्हतं. हळूच म्हणालो, ‘‘मीच शे वं अक्का,’’ आणि मग घरात गेलो.