खानदानी कुत्र्याची गाठ

त्या दुष्काळात मी जनावरांचा डॉक्टर म्हणून केजजवळच्या एका चारा छावणीवर होतो. छावणी दूध सोसायटीची, टँकरही सोसायटीचा, आणि सगळं चेअरमनच्या मर्जीवर चालायचं. ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीकडं जायला टँकरला म्हणे रस्ता नव्हता. बाया दोन कोसांवरून पाणी आणायच्या. मीही तसल्याच वस्तीत वाढलेला, त्यामुळं हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं. पण मी गप्प बसायचो.

एके दिवशी चेअरमननी त्यांचा लाडका कुत्रा माझ्यापुढं आणला. लिंगातून रक्त ठिबकत होतं. गोचीड चावली असेल म्हणून गड्यांनी हळद भरली होती. मी बघितलं, तर आत फुलकोबीच्या तुकड्यासारखी गाठ.

"ही संगातून लागते," मी म्हणालो. "एकाच्या गाठीतल्या पेशी दुसऱ्याच्या अंगात रुजतात."

"आपलं कुत्रं तसलं न्हाई, डाक्टर. लई खानदानी हाय."

हा खानदानी जीव दिवस मावळला की ओढा ओलांडून कुठं जातो, हे चेअरमन सोडून साऱ्या छावणीला माहीत होतं. वस्तीतल्या एका म्हातारीची कुत्री मी तपासली. तिलाही तीच गाठ.

"मग हाकला तिला," चेअरमन म्हणाले.

मी समजावलं, की तिला हाकललं तरी हा तिच्या मागं जाणारच आणि गाठ पुन्हा घेऊन येणार. दोघांनाही दर आठवड्याला सुई द्यावी लागेल. इथवर मी खरं बोललो. पुढं जीभ आपोआप सैल सुटली.

"आणि कुत्रीला रोज ताज्या पाण्यानं धुवावं लागेल. भरपूर."

असं कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी टँकरला रस्ता सापडला. वस्तीतले हंडे, घागरी, डबे सगळे भरले. कुत्रीच्या वाट्याला तांब्याभर पाणी आलं, तेही तिनं पिऊन टाकलं. खरं सांगतो, एवढा आनंद मला डॉक्टरकीची सनद मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

पाचव्या सुईपर्यंत दोघांच्याही गाठी विरून गेल्या. शेवटच्या तपासणीला चेअरमन स्वतः वस्तीत आले.

"झाली न्हवं बरी? मग उद्यापासून टँकर बंद."

म्हातारी कुत्रीला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं. मी पुन्हा कुत्रीची शेपूट उचलली आणि उगाच कपाळाला आठ्या घातल्या.

"बरी आहे," मी म्हणालो, "पण धुणं थांबवू नका. निदान पाऊस पडेपर्यंत."