एस्तेरबाईंनी न वाचलेलं पान

मला बाईंशी एकांतात दोन शब्द बोलायचे होते. नगरच्या दवाखान्यात गेलो तेव्हा वाटेत रिक्षात बसून वाक्यं जुळवून ठेवली होती. पण खोलीत पाय ठेवायला जागा असेल तर ना! पलंगाशी त्यांच्या दोघी जावा, खिडकीपाशी चर्चमधल्या बायका, बाहेर थेट जिन्यापर्यंत बाईंच्या गावची, तिसगावची माणसं. कुणाच्या हातात डबा, कुणाच्या हातात शहाळं, एकजण तर वाचनालयाचं पुस्तक बदलायला आल्यासारखा पुस्तक काखेत धरून उभा. नर्स ओरडून ओरडून दमली होती. मी बाईंचा हात हातात घेतला. "जेवलास का रे?" एवढंच त्यांनी विचारलं. "हो बाई," म्हणालो, तेवढ्यात मागून कुणीतरी पेजेची वाटी घेऊन पुढं आलं आणि मी बाजूला सरकलो. म्हटलं, रविवारी येऊ, गर्दी कमी असेल... शुक्रवारी सकाळीच योहानसरांचा, म्हणजे बाईंच्या यजमानांचा, फोन आला. "आपली बाई गेली रे," एवढं बोलून ते रडायला लागले. त्याला आता दीड महिना होऊन गेला.

एस्तेरबाईंनी तिसगावचं वाचनालय उभी हयात सांभाळलं. बाजारतळाला लागून दोन खोल्या, पुढं फरशीचा ओटा. मी शाळेत असल्यापासून तिथं पडीक असायचो. नंतर नोकरीसाठी नगरला आलो, गोष्टी लिहायला लागलो, तरी महिन्यातून एकदा फेरी असायचीच. बाईंचा आवाज असा खणखणीत, की बाजारातल्या मिरचीवालीला तो ऐकू जाई. ते बरंच होतं, कारण बाजाराच्या दिवशी बाई ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायच्या. वाड्यावस्त्यांवरनं भाजी, अंडी, कोंबड्या घेऊन आलेल्या बायका दुपारपर्यंत मोकळ्या व्हायच्या, टेम्पो सुटायचा चारला. मधला वेळ त्या ओट्यावर पाट्या टेकवून बसायच्या. त्यातल्या बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. मागच्या बाजारी कुठं थांबलो होतो, हे शोधायला बाईंना कधी खूण ठेवावी लागली नाही. "ती धाकली सून रुसून माहेराला निघाली हुती, तितनं वाचा," असं कुणीतरी आधीच सांगायचं. मधेच कोंबडी ओरडली की बाई थांबायच्या आणि तिचं झालं की पुढं वाचायच्या.

आम्हा लिहिणाऱ्यांवर बाईंचा भारी राग. "तुमच्या गोष्टीत वाचनालय आलं की आधी धूळ येते," त्या म्हणायच्या. "मग वाळवी येते. मग जाड भिंगाचा चष्मा लावलेला एक खोकणारा म्हातारा येतो. अरे, मी रोज सकाळी फडकं मारते, तुमची ही धूळ येते कुठून?" मी हसायचो. पण त्यांचं संपलेलं नसायचं. "आणि वाचणारी बाई असली की तिचं लग्न जमत नाही. जमलं तर नवरा पुस्तकं चुलीत घालतो. आमच्या सरांनी आजवर एक पान तरी जाळलंय का? उलट मला वाचायचं असलं की भाकरी तेच थापतात, आता त्या भूगोलातल्या नकाशासारख्या होतात ही गोष्ट वेगळी." सर आतून ओरडायचे, "खातेस ना मुकाट्यानं?" बाईंचं म्हणणं एवढंच होतं, की पुस्तकांवर जीव असलेलं माणूस गोष्टीत आलं की लेखक त्याला माणसांतून उठवतात. बाईंना तर जी माणसं मिळाली ती पुस्तकांपायीच मिळाली होती. हे मी वर्षानुवर्षं डोळ्यांनी बघत होतो.

आणि मग मी गोष्ट लिहायला बसलो तेव्हा माझ्या डोक्यात काय शेण भरलं होतं, देव जाणे! एका दिवाळी अंकासाठी मी बाईंवरच गोष्ट लिहिली. नाव बदललं, गाव बदललं, पण ओटा तोच, वाचणं तेच. इथवर ठीक होतं. शेवट काही सुचेना. तेव्हा आयुष्यभर जे वाचलं होतं तेच हाताशी आलं. ओटा हळूहळू रिकामा होतो, बायका यायच्या थांबतात, बिनलग्नाची ती म्हातारी बंद खोलीत पुस्तकांच्या ढिगात एकटीच मरून पडते, आणि दोन दिवस कुणाला पत्ता लागत नाही. लिहिताना माझेच डोळे भरून आले होते. किती छान लिहिलं आपण, असं वाटलं होतं. लाज वाटते आज.

अंक घेऊन मी स्वतः तिसगावला गेलो. बाईंनी माझ्यासमोरच गोष्ट वाचली. मधे दोनदा हसल्या, एकदा मान हलवली. शेवटचं पान वाचून झाल्यावर मात्र त्यांनी अंक मिटून मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "मला मारलंस ते मारलंस रे... पण एकटी का मारलीस?" मी काहीतरी बोललो. वाचकाला असा शेवट चटका लावतो, कथेची तशी मागणी असते, वगैरे. "कथेची मागणी?" त्या म्हणाल्या. "त्या ओट्यावरच्या बायांनी काय मागितलं, ते कुणी विचारायचं?" मी वरमलो. पुस्तक निघेल तेव्हा शेवट बदलतो, नक्की बदलतो, असं कबूल केलं. "बदल बाबा," त्या म्हणाल्या. "मी वाट बघते."

मी बदलला नाही. खरं सांगतो, विसरलो नव्हतो. त्या शेवटाचीच लोकांनी तारीफ केली होती, पत्रं आली होती, आणि मला ती तारीफ सोडवेना. पुस्तक निघालं, गोष्ट जशीच्या तशी. बाईंनी वाचनालयासाठी प्रत मागवून घेतली आणि मला त्याबद्दल कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत. विषय निघाला असता तर मी माफी मागून मोकळा झालो असतो. तो निघालाच नाही, आणि मीही काढला नाही. दवाखान्यात तेच बोलायला गेलो होतो. ज्या बाईला मी एकटी मारली होती, तिच्याशी एकांतात बोलायला मला माणसांच्या गर्दीत जागा मिळाली नाही...

परवा बाजाराच्या दिवशी तिसगावला गेलो. वाचनालयाचं दार योहानसरांनी उघडलेलं होतं. "घरात बसवत नाही," म्हणाले. ओट्यावर आठ-दहा बायका नेहमीसारख्या बसलेल्या, कुणी वाचणारं नसताना. गोष्ट लिहिणारा तो हाच, अशी सरांनी माझी ओळख करून दिली, तशी पुढची एक आजी सरसावून बसली.

"तुमीच व्हय ते? बाईंनी तुमची पुस्तकवाल्या बाईची गोष्ट आमाला तीनदा वाचून दावली. लई ग्वाड हाय. पर आर्दीच."

"अर्धी कशी?" मी विचारलं.

"आता घ्या! ती बाई वट्यावर वाचीत बसती, आन बाया यायच्या कमी हुत्यात, तितंच थांबली की. म्होरलं काय, म्हनून आमी दर बारीला इचारायचो. तर बाई म्हनायच्या, लिवनाऱ्यानं शेवट अजून लिवला न्हाई, लिवतो म्हनलाय."

मी सरांकडं पाहिलं. सरांना सगळं ठाऊक होतं. ते आत गेले आणि कपाटातून माझं पुस्तक आणून त्यांनी माझ्या हातात दिलं. त्या गोष्टीची पानं हाताळून मऊ पडलेली, कोपरे काळवंडलेले. शेवटचं पान तेवढं कोरं करकरीत, नुकतं छापल्यासारखं. त्या पानावर बोट ठेवून मी उभा राहिलो. छापलेला शेवट समोर होता आणि तो त्या बायकांना वाचून दाखवायची माझी छाती होईना. मी रडत होतो, ते त्यांना दिसलं असणार.

"मंग? लिवला का?" आजीनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "अजून नाही."

"आवं, मंग लिवा की बिगीनं. त्या बाईला कवर असं एकलीला बसवून ठिवायचं?"