खळं, ट्रॅक आणि पाटणकर सर

लॅबचं जुनं कपाट एका बाटलीसाठी उघडावं आणि मागच्या दहा बाटल्या पुढे सरकाव्यात, तसं आमच्या कॉलेजातल्या किश्श्यांचं आहे. एक सांगायला घेतला की मागचे आपोआप हलतात. जव्हार-मोखाडा रस्त्यावरचं आमचं छोटं कॉलेज. मी तिथे प्रयोगशाळा परिचर. रात्री जेवण झालं की दिवसभराचं वहीत चार ओळींत उतरवायची जुनी सवय, म्हणून एवढं तरी लक्षात राहिलं.

बहुतेक किस्से एकाच वादातून निघालेले. अर्थशास्त्राचे पाटणकर सर चहाचा कप उचलला की विचारायचे, "खेळावर एवढं घालून कॉलेजला मिळतं काय?" मैदानाच्या जागी कॉम्प्युटर हॉल बांधावा, हे त्यांचंच म्हणणं. खेळाचे गावित सर त्यावर बशीत चहा ओतायचे आणि मैदानाकडे बघायचे.

* * *

ते मैदान झालं त्याचीच गंमत. आमच्याकडे सपाट जागा म्हणजे चैन! पावसाळा संपताच गावित सरांनी मुलींच्या धावण्याच्या संघासाठी उतार कापून जागा सपाट करून घेतली, चुन्याच्या रेषा मारल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात तर एका कोपऱ्यात शेणाने सारवलेलं गोल खळं आणि त्यावर नागलीच्या कणसांचा ढीग! शेजारच्या पाड्यावरची कोंडीआजी काठीने झोडत बसलेली.

सर ओरडले, "आजी, हा चारशे मीटरचा ट्रॅक आहे!"

आजीने मान वर केली. "असूं दे रं. माझं खळं काय तेवढं मोठं नाय!"

शेवटी तह झाला. कोपरा आजीचा, बाकी मैदान मुलींचं. अट आजीची एकच, खळ्यावर पायताण घालून कोणी यायचं नाही. त्या दिवसापासून मैदानावर एकही जनावर शिरलं नाही. आजीची काठी होती ना!

* * *

संघात वांगणीची यमुना आली. शाळेत जाता-येता डोंगर चढून पाय तयार झालेले. गावित सर भांडून भांडून तिच्यासाठी बूट घेऊन आले. स्पर्धेच्या दिवशी ती बूट घालून ऐटीत रेषेपर्यंत गेली आणि तिथे काढून सरांच्या हातात दिले.

"अगं, हे काय?"

"चांगले हाय सर. पळून खराब होतील!"

पहिली आली. बक्षिसाच्या फोटोत यमुनेच्या हातात ढाल आणि शेजारी गावित सर, बूट छातीशी धरून उभे!

पाटणकर सरांनी फोटो निरखून बघितला. "म्हणजे बूटही वायाच गेले."

* * *

हा फोटो प्राचार्यांनी फ्रेम करून ऑफिसात लावला. खिळा एकच होता, म्हणून संस्थेच्या अध्यक्षसाहेबांचा फोटो उतरवला. साहेब यायचे असले की अदलाबदल व्हायची. एकदा साहेब न सांगताच आले.

"माझा फोटो कुठाय?"

"साहेब, धूळ बसली होती. पुसायला उतरवलाय."

"आणि हिच्यावर धूळ बसत नाही?"

प्राचार्य म्हणाले, "ती कुठे एका जागी थांबते, साहेब!"

साहेब हसले. प्राचार्यांना घाम फुटायचा तो फुटलाच.

* * *

जूनमध्ये प्रवेशासाठी आम्ही गावोगाव फिरतो. पोशेऱ्याला एका घराच्या ओट्यावर पाटणकर सर अर्धा तास बोलले. निकाल सांगितला, ग्रंथालय सांगितलं, शिष्यवृत्ती सांगितली. घरची बाई ऐकत होती. सरांचं संपल्यावर तिने विचारलं, "ती वांगणीची पळणारी पोर, ती तुमच्याच कॉलेजात ना?"

"हो, पण..."

"मग माझ्या पोरीचं नाव लिहा. तुम्हीच शिकवतास का पळायला?"

"नाही. मी अर्थशास्त्र शिकवतो."

बाईला वाईट वाटलं. पाण्याचा तांब्या पुढे करत ती म्हणाली, "असूं द्या, सर. ते पण लागतंच कुठं ना कुठं."

परतताना खोडाळ्याला सरांनी जीप थांबवली. बाजारात सगळ्यांना चहा पाजला, तोही स्वतःच्या खिशातून!

* * *

दिवाळीनंतर आमचे वर्ग ओस पडतात. घरंच्या घरं भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात आणि पोरंही त्यांच्याबरोबर. यमुनेचे आईबापही दरसाल जातात. संघ आहे म्हणून तिला हॉस्टेलात राहता येतं. मैदान गेलं की संघ गेला आणि संघ गेला की तीही भट्टीवर, हे स्टाफरूममध्ये सगळ्यांना ठाऊक होतं.

गावित सरांचा नियम कडक. लेक्चर बुडवलं तर दुसऱ्या दिवशी पळायला मिळणार नाही! त्यामुळे त्या दिवसांत पाटणकर सरांच्या वर्गात फक्त ट्रॅकपँट घातलेल्या मुली असायच्या. एकदा खडू द्यायला गेलो तर यमुना बाकावर डोकं टेकून गाढ झोपलेली. मी हलवून उठवणार, तेवढ्यात सरांनी हात धरला.

"राहू द्या. गेलेल्या मुलीपेक्षा झोपलेली बरी." मग खडू घेत म्हणाले, "आणि हे तुमच्या त्या वहीत लिहू नका."

* * *

यंदा दिवाळीनंतर अध्यक्ष कॉम्प्युटर हॉलसाठी मैदानाचं माप घ्यायला इंजिनिअरला घेऊन आले. मागे प्राचार्य, पाटणकर सर आणि सामान धरायला मी. साहेब तरातरा चालत कोपऱ्यातून आत शिरणार, तोच कोंडीआजी कडाडली, "ए दादा! पायताण काढ! खळं हाय!"

प्राचार्यांचा चेहरा पांढरा पडला. साहेबांनी मुकाट्याने बूट काढले. मग काय, सगळ्यांनीच काढले! खळ्यापलीकडे बारीक खडी. संस्थेचे अध्यक्ष "आई गं" म्हणत एकेक पाऊल टाकत होते.

हॉलची कल्पना पाटणकर सरांची, म्हणून इंजिनिअरने टेपचं टोक त्यांच्याच हातात दिलं. टेप ट्रॅकवर आडवी ताणली गेली, गुडघ्याएवढ्या उंचीवर. पलीकडच्या वळणावरून मुली येत होत्या. पुढे यमुना, अनवाणी. गावित सर तोंडात शिटी धरून उभे होते. वाजवत नव्हते.

"सर, त्यांना जरा थांबवा ना," इंजिनिअर म्हणाला.

पाटणकर सरांनी मुलींकडे बघितलं. हातातल्या टोकाकडे बघितलं. आणि सोडून दिलं. टेप सर्रकन जाऊन डबीत शिरली. मुली धपधप करत समोरून निघून गेल्या.

"काय झालं, पाटणकर?" साहेबांनी विचारलं.

"माझं लेक्चर आहे, साहेब. मुली आता येतीलच."

एवढं बोलून बूट हातातच घेऊन ते वर्गाकडे निघाले.