हिरूचा कच्चा दोरा

हिरूने आयुष्यात सहाशेच्या वर नवरदेव घोडीवर बसवले. एकही पडला नाही, असं तो सांगत नाही. एक पडला होता. त्याचं गाव कोणतं, वार कोणता आणि हाड कोणतं मोडलं, हे हिरू अजून न विचारता सांगतो. मला हा माणूस पटतो तो यासाठी.

कडावजवळ त्याचं घर. भाताची दोन खाचरं, बायको गौराबाई आणि पांढरी घोडी चांदणी. हा क्रम माझा आहे. हिरूला विचारलं तर घोडी आधी येते, आणि गौराबाईला ते माहीत आहे.

लग्नसराईत त्याला कर्जतपासून शिळफाट्यापर्यंत बोलावणं असायचं. मग नवरदेवांना उघड्या मोटारी आवडायला लागल्या. एक तर जेसीबीच्या बकेटमध्ये उभा राहून मांडवात आला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. चांदणी दोन हंगाम दारात उभी राहिली. शेवटी हिरूने ती किरणला दिली.

किरण आमच्याच गावचा. रस्त्याकडेच्या जमिनीवर त्याने तंबू ठोकले, इंग्रजी पाटी लावली आणि मुंबईच्या पाहुण्यांसाठी घोडेस्वारी सुरू केली. घोडे पाच. घोडी देताना हिरूने एकच अट घातली होती. चांदणीचा खरारा, दाणा, पाणी मी करणार आणि रपेटीला पुढे तिच्यावर मी बसणार. किरण "हो तात्या, हो तात्या" म्हणाला. त्याचा कागद झाला नाही. हिरूला कागदाची गरज वाटली नाही आणि किरणला तो नसणंच सोयीचं वाटलं.

गेल्या दिवाळीनंतर किरणने कॅमेरा आणला. काडेपेटीहून थोडा मोठा. तो हेल्मेटवर बसवायचा आणि घोड्यावरून जे दिसेल ते त्यात उतरतं. पाहुण्यांना तो हवा होता. घोड्यावर बसून त्यांचं भागत नाही, बसलेलं दाखवता आलं पाहिजे.

किरण तो घेऊन माझ्याकडे आला तेव्हा हिरू माझ्या ओट्यावर बसला होता.

"आबाकाका, तुम्ही फिटर. असा बसवा की हत्तीनं ओढला तरी निघता कामा नये. रविवारी पहिला व्हिडिओ. तात्या पुढे, कॅमेरा तात्यांच्या डोक्यावर."

"पडलो तर निघंल का त्यो?" हिरूने विचारलं.

"निघूच नये म्हणून तर काकांकडे देतोय."

"मंग मी नाय घालनार."

"नका घालू. अक्षय घालेल. चांदणीवर तोच बसेल, तुम्ही घरी आराम करा."

अक्षय म्हणजे किरणचा मेहुणा. दोन महिन्यांपूर्वी तो कामाला लागला. घोड्याचं तोंड कुठे आणि शेपूट कुठे हे त्याला बिनचूक सांगता येत होतं. हिरू उठला आणि चांदणीला पाणी दाखवायला गेला.

मी खोपोलीच्या एका कागद कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होतो. मी आवळलेला नट सुटला अशी तक्रार माझ्या नावावर नाही. या कामाला मी दोन दिवस दिले. अॅल्युमिनियमची पट्टी कापली, कानशीने कडा मारल्या, हेल्मेटला दोन भोकं पाडली, वायसर टाकले, लॉकनट आवळले. बोल्टांची टोकं आत आली ती स्पंजने झाकली. पान्याला जोर लावून पाहिलं. हललं नाही. ते घेऊन मी हिरूकडे गेलो. शाबासकी मिळेल असं मला वाटत होतं.

हिरूने हेल्मेट उलटं धरलं आणि अंगठा आत फिरवला.

"ह्ये काय रं टोचतंय?"

"बोल्ट. वर स्पंज आहे."

"कुनाच्या डोसक्यासाठी?"

त्याने हेल्मेट माझ्याच डोक्यावर चढवलं आणि हनुवटीखालचा पट्टा लावला. अंगणातल्या जांभळीपासून खांबापर्यंत गौराबाईची कपड्यांची दोरी होती. ती त्याने कॅमेऱ्यापुढे अडकवली.

"आता चाल."

मी चाललो. दोन पावलं झाली. पट्टा गळ्यात रुतला, मान मागे गेली आणि मला आभाळ दिसलं.

"तू पायी हायस म्हनून थांबलास," हिरू म्हणाला. "घोडी थांबत नसती."

"कॅमेरा निघाला नाही," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

"नाय निघाला. काम पक्कं हाय तुजं. मान कच्ची हाय."

गौराबाई सुकलेले कपडे काढत होती. "भावजी, जरा तितंच उभं ऱ्हावा," ती म्हणाली. "दोरी कशी ताठ झालीय."

मग हिरूने तो पडलेला नवरदेव सांगितला. शिळफाट्याची वरात. नवरदेवाच्या मामाने हौसेने तलवार आणली आणि पडू नये म्हणून नायलॉनच्या दोरीने कमरेला सात गाठी मारून बांधली. मांडवाच्या तोंडाशी फटाका उडाला, चांदणीच्या आधीची घोडी एक पाऊल बाजूला सरली, आणि तलवारीची मूठ मांडवाच्या बांबूत अडकली. घोडी पुढे गेली. नवरदेव मागे राहिला. गळ्याखालचं हाड मोडलं. मुहूर्त चुकला नाही, पण हार त्याने डाव्या हाताने घातला.

त्या दिवसापासून हिरू वरातीआधी प्रत्येक नवरदेवाभोवती फिरायचा. तलवार, शेला, नोटांची माळ, जे जे बांधलेलं असेल ते सोडायचा आणि गोधडीच्या कच्च्या दोऱ्याने पुन्हा बांधायचा. बांधण्याआधी एक दोरा सगळ्यांसमोर ओढून तोडून दाखवायचा. वरमाया त्याला चिकट म्हणायच्या, नवी दोरी आणवत नाही म्हणायच्या. हिरू ऐकून घ्यायचा. त्यानंतर दोरे पुष्कळ तुटले. हाड एकही नाही.

मी घरी आलो तो मान चोळत. आणि मला शिअर पिन आठवली. आमच्या कारखान्यात मोठ्या मोटारीच्या जोडणीत एक मऊ पितळी खिळी असायची. यंत्रात काही अडकलं की आधी ती खिळी तुटायची आणि यंत्र वाचायचं. तिच्या जागी पोलादी खिळी ठोकणाऱ्या एका हेल्परला मीच सगळ्यांदेखत झापलं होतं. चौतीस वर्षं मी लोखंडाची ही काळजी घेतली. माणसाच्या मानेची वेळ आली तेव्हा लॉकनट आवळले.

भोकं पाडलेलं हेल्मेट बाद. ते डोकं वाचवायच्या कामाचं राहत नाही, मग वरून कितीही चकचकीत दिसो. किरणकडून दुसरं घेतलं. तो कुरकुरला. मी त्याला जुन्याच्या आत अंगठा फिरवायला लावला.

या वेळी काम आम्ही दोघांनी केलं. कॅमेरा छातीवर बांधावा असं मी सुचवलं. हिरू म्हणाला, पालथा पडलो की डबी बरगड्यांत. काठीला लावून हातात धरावा? मग लगाम कोण धरणार. शेवटी तो हेल्मेटवरच, पण डोक्याला चिकटून बसेल असा बुटका ठेवला. हेल्मेटला हवेची भोकं मुळातच असतात. त्यांतून गौराबाईचा गोधडीचा दोरा ओवला. किती पदर घ्यायचे हे अंदाजाने ठरवायचं नव्हतं. मासळीवाल्याचा वजनाचा हुकाचा काटा आणला आणि दोरा तुटेपर्यंत ओढला. दोन पदर लवकर तुटले, घोडी दुडकी धावली तरी गेले असते. पाच पदर फार टिकले. तीन पदर चार किलोच्या आसपास तुटत होते. दहा वेळा ओढले, दहा वेळा तुटले. तेव्हा तीन.

"आणि कॅमेरा पडला तर?" किरणने विचारलं.

"पडू दे," हिरू म्हणाला. "त्याला आय नाय."

चांदणीचंही शिक्षण झालं. कॅमेरा चालू होताना चिरकतो आणि त्याचा लाल दिवा लुकलुकतो. हिरूने तीन दिवस तो चण्याच्या पाटीजवळ ठेवला. चिरकला की चणे. चौथ्या दिवशी तो चिरकला तर घोडीने कान न हलवता ओठ पुढे केले. आणि बटण दाबायचं ते जमिनीवर उभं राहून. वर बसल्यावर कॅमेऱ्याला हात नाही.

रविवार उजाडला. चार पाहुणे आले, चौघांचे बूट नवे. हिरूने हेल्मेट हातात घेतलं, सवयीने पहिला दोरा तोडायला ओढला. तुटला नाही. पुन्हा ओढला. बोटात रुतला.

तंगूस होती. मासे पकडायची नायलॉनची दोरी. रात्रीत दोरा काढून किरणने ती बांधली होती, चांगल्या पाच फेऱ्या मारून.

"कॅमेरा महाग आहे तात्या," किरण हळूच म्हणाला. "पाहुणे थांबलेत. चढा, नाहीतर लगाम अक्षयकडे द्या."

हिरूने चांदणीच्या मानेवर हात ठेवला. मग त्याने खरंच लगाम अक्षयच्या हातात दिला आणि वर हेल्मेट दिलं.

"घाल. माज्या अंगनात जांभळीला दोरी बांदलेली हाय, आदी तितं चालून बघ. आबाजीनं बघितलंय."

अक्षयने तंगूस पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या मानेवर तेव्हा बामाची पट्टी होती.

"दाजी," तो किरणला म्हणाला, "सकाळपासून माझ्या पोटात दुखतंय."

किरणने उरलेल्या माणसांकडे पाहिलं. उरलेला माणूस तो स्वतःच होता. त्याने घड्याळात पाहिलं आणि हिरूकडे बघून होकाराची मान हलवली. हिरूने कोयतीने तंगूस कापली, खिशातून दोरा काढला, एक तोडला, नवा बांधला, आणि चढला.

रपेट खाचरांच्या कडेने ओढ्यापर्यंत जाते. पुढे हिरू, मागे चार पाहुणे, शेवटी चालत किरण. मीही पायी, बांधावरून. ओढ्यात एक म्हैस बसली होती. ती एकदम उठली. चांदणीने फटाके पचवलेले, ती बिथरली नाही, पण दोन पावलं बाजूला झाली आणि करंजाच्या फांदीखाली गेली. हिरू वाकला. फांदी कॅमेऱ्यात अडकली. टक्. इतकाच आवाज. कॅमेरा फांदीवरून घरंगळत चिखलात पडला. हिरूची मान हलली नाही. त्याने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही, चांदणीला पाण्यातून काढून पलीकडे उभी केली आणि मग पाहुण्यांना एकेक करून पुढे घेतलं.

मागून किरण ओरडत होता.

संध्याकाळी त्याने तंबूसमोर पडदा लावला. कॅमेरा धुऊन चालू निघाला होता, त्यामुळे तो खुशीत होता. व्हिडिओ आधी स्वतः पाहायचा असतो, एवढे कष्ट त्याने घेतले नाहीत. पडद्यावर चांदणीचे कान आले, खाचरं आली, म्हैस आली, फांदी आली. मग सगळं गोल फिरलं आणि चिखलातून वर आभाळ दिसायला लागलं. चार घोड्यांचे पाय एकेक करून गेले. आणि किरणचा आवाज आला, अगदी स्वच्छ:

"तात्या गेला तरी चालेल! कॅमेरा बघा आधी, कॅमेरा!"

पाहुणे पोट धरून हसले. हिरू पडद्याच्या बाजूला उभा होता. तो हसला नाही.

"ऐकलं ना शेठ," तो म्हणाला. "आज मान मोडली असती तर ह्योच व्हिडिओ पोलीस बघत बसले असते. आता माजं ऐका. कॅमेरा कुनाच्याबी डोसक्यावर असू दे, दोरा मी बांदनार. चांदनीवर मी बसनार. नायतर दोरा घिऊन मी घरी जातो."

किरणने एकदा पाहुण्यांकडे पाहिलं. चौघांचेही फोन त्याच्याकडे वळलेले होते. "तात्या, तुमचंच आहे सगळं," तो म्हणाला. या वेळी साक्षीदार चार होते, आणि चारही व्हिडिओसकट.

आता प्रत्येक रविवारी हिरू आपापले कॅमेरे घेऊन रांगेत उभ्या पाहुण्यांसमोर येतो, एकेकाच्या हेल्मेटवरचा दोरा ओढून तोडतो आणि नवा बांधतो. किरण या दोऱ्याला एक इंग्रजी नाव देतो आणि कल्पना स्वतःची म्हणून सांगतो. पहिल्या पहिल्यांदा हिरू पाहुण्यांना समजावायचा की हे मानेसाठी आहे. ते वाद घालायचे, घट्ट बांधा म्हणायचे, आमचा कॅमेरा आमची जबाबदारी म्हणायचे. मग एका बाईंनी विचारलं, ही इथली प्रथा आहे का. हिरू थकलेला होता. "हां," म्हणाला, "चांदनीची." बाईंनी हेल्मेट पुढे केलं आणि हात जोडले.

तेव्हापासून कुणी वाद घालत नाही. काहीजण तुटलेला दोरा मनगटाला बांधून घरी नेतात. गौराबाईच्या गोधडीचा.

माझं जुनं हेल्मेट हिरूच्या गोठ्यात उलटं टांगलं आहे. त्यात कोंबडी अंडी घालते. बोल्टांच्या वर गौराबाईने पेंढा भरला आहे, कोंबडीला टोचू नये म्हणून.