दगडोबाचं इंग्रजी

आमच्या गावात इंग्रजी येणारा माणूस एकच, तो म्हणजे दगडोबा. त्याच्या इंग्रजीत सगळी मिळून पिसंच होती, हे गावाला ठाऊक नव्हतं. आणि गावाला सगळंच ठाऊक असावं असं कुठं आहे?

हिंगोलीची छावणी उठायच्या आधी, पोरवयात, दगडोबा तिथं एका गोऱ्या साहेबाकडं कामाला होता. साहेबाला कयाधू नदीवर गळ टाकून बसायचं भारी वेड. पण गळाला गांडूळ लावणं त्याला कमीपणाचं वाटे. तो कोंबड्याची पिसं दोऱ्यानं बांधून खोटी माशी करी आणि ती पाण्यावर नाचवी. मासे फारसे फसत नसत, पण पिसं पुरवायला दगडोबा लागे. मानेवरचं लांब पीस ते हॅकल, पंखाच्या टोकाचं ते पिनियन, पिसाची नळी ती क्विल, डौलदार तुऱ्याचं ते प्लूम आणि पोटाखालची मऊ लव ती डाउन. चुकीचं पीस आणलं की साहेब टोपी फेकून मारी, त्यामुळं शब्द पक्के बसले. पिसांच्या बाहेरचा एकच शब्द त्याला येई, तो संडे. त्या दिवशी सुट्टी असायची.

छावणी उठली आणि दगडोबा गावी येऊन शेती करू लागला. कुणी औषधाची बाटली वाचायला आणली, तर ती उलटसुलट फिरवून तो गंभीरपणे म्हणे, "यात पिसाचं काई न्हाई." लोकांना वाटे, काहीतरी खोल बोलला. पण खोटं तो कधी बोलला नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो.

पस्तीस सालच्या सुमारास त्याच्या धाकट्या लेकीला, सिंधूला, डोंगरकडा गावचं स्थळ आलं. मुलगा संतराम, हिंगोलीच्या शाळेत काही वर्षं बसून आलेला. सिंधूनं त्याला औंढ्याच्या जत्रेत आधीच पाहिलं होतं आणि तेव्हापासून ती भाकरी करपवत होती. आई सत्यभामाबाईनं काय ते ओळखलं. हे स्थळ हातचं जाऊ नये, एवढाच त्या घराला घोर लागला होता.

बैठकीत सगळं जमत आलं, तेवढ्यात मुलाचे चुलते उकंडराव मिशीवर हात फिरवत म्हणाले, "पाव्हणं, तुमाला इंग्रजी येतं म्हणं. आमच्या संतरामालाबी येतंय. होऊन जाऊ द्या दोन बोल. येत नसंल तर आताच सांगा, थापाड्याच्या घरात आमी सोयरीक करत न्हाई."

दाराआड सत्यभामाबाईच्या हातातली परात खणकन पडली. दगडोबानं एकवार दाराकडं पाहिलं. पण आता माघार कशी घेणार? त्यानं घसा खाकरला.

"हॅकल?"

संतरामानं टोपी सावरली. "मंडे."

"पिनियन!"

"ट्यूजडे!"

बैठक डोलू लागली. दगडोबानं क्विल टाकला, पोरानं वेन्सडे. प्लूमला थर्सडे आला, डाउनला फ्रायडे. दगडोबाची पिसं संपली. त्यानं पुन्हा हॅकलच काढलं, या खेपेला अगदी हळू, कुणी वारल्यासारखं. पोरगंही तसंच खिन्न होऊन म्हणालं, "सॅटर्डे." आणि मग, जरा अडखळत, "संडे."

दगडोबा चपापला. संडे! हा तर आपला शब्द. त्यानं पोराकडं नीट पाहिलं. कपाळावर घाम, नजर जमिनीला. सातव्या शब्दाला संडे, म्हणजे पोरगं वार मोजत होतं आणि वार संपले होते. त्याचं पितळ उघडं पाडायला एक वाक्य पुरलं असतं. पण साहेबापुढं चुकीचं पीस घेऊन उभा राहिलेला तो स्वतः दगडोबाला आठवला, आणि त्याला पोराची माया आली.

"बास!" तो उकंडरावांना म्हणाला. "पोरगं बराबर बोलून राहिलं. एक शब्दबी चुकला न्हाई. सुपारी फोडा."

लग्नानंतर पहिल्याच सणाला जावयानं सासऱ्याला कोंबड्यांच्या खुराड्यापाशी गाठलं. "मामा, तुमचं ते इंग्रजी आमच्या शाळेत न्हवतं. काय व्हतं ते?"

दगडोबानं तांबडा कोंबडा काखेत धरला आणि पीस न् पीस दाखवलं. मग जावयानं वार शिकवले. कोंबडा ओरडत होता आणि हे दोघे हसून हसून भिंतीला टेकले होते. पुढं बारा-तेरा वर्षं ते चारचौघांत असंच इंग्रजी बोलले. सिंधूला सगळं माहीत होतं, पण तिनं कधी चहाडी केली नाही.

निजामाचं राज्य गेलं, त्या हिवाळ्यात दगडोबानं अंथरूण धरलं. दम लागायचा, तरी शेतात जायचं म्हणून उठू बघायचा. कुणाचं ऐकेना. संतराम उशाशी बसून असे. एका सकाळी म्हाताऱ्यानं त्याचा हात चाचपला.

"जावईबापू, आज वार कोणता?"

वार गुरुवार होता. संतरामानं तो हात दोन्ही हातांत घेतला.

"संडे, मामा."

"मंग सुट्टी," दगडोबा म्हणाला, आणि त्यानं डोकं उशीवर टेकलं.