उन्हात उगवलेल्या पायऱ्या

फोटो गोळा करायला निघालं की किस्से आपोआप गोळा होतात. फोटो डिलीट तरी करता येतात!

आमचं काम साधं. इमारतीच्या दाराचा फोटो काढायचा. तो बघून कंप्युटर सांगतो, पायऱ्या किती, रॅम्प आहे का, व्हीलचेअर आत जाईल का. ते खरं की खोटं, हे ठरवतात देवगाव रंगारीच्या सुनंदाताई. त्या स्वतः व्हीलचेअरवर. पायांत ताकद नाही, जिभेत मात्र लई!

पहिल्याच आठवड्यात एका दवाखान्याचा फोटो सकाळी काढला. कंप्युटर म्हणाला, पायऱ्या शून्य. दुपारी काढला तर सात! मी चक्रावले. ताईंनी जाऊन जमीन निरखली. फाटकाच्या गजांची सावली पडली होती, पट्ट्यापट्ट्यांची.

"याला उन्हात पायऱ्या उगवत्यात व्हय गं?" म्हणत त्या सावलीवरून सरळ आत!

शहरात, औरंगपुऱ्यात, एका कापड दुकानाला 'रॅम्प नाही' असा शेरा मिळाला. दुकानदार भडकले. "नहीं कैसे? पिछले साल तो बनवाया!"

"कुठंय?"

"वो क्या, गाड़ियों के नीचे!"

चार स्कूटर हलवल्या, तर खरंच रॅम्प निघाला. ताई म्हणाल्या, "भाईसाब, स्कूटरींची लई चांगली सोय केली तुम्ही!"

सिल्लोडला एका ऑफिसच्या रॅम्पला कंप्युटरनं हिरवी खूण दिली. ताई चढायला लागल्या आणि निम्म्यावर खुर्ची मागं घसरली! मी आणि वॉचमननं कशीबशी धरली. ताई मात्र फोटोच बघत बसल्या.

"याला चढ दिसतच नाय का गं?"

खरंच, समोरून काढलेल्या फोटोत तो सपाट रस्ताच वाटत होता. तेव्हापासून आम्ही बाजूनंही फोटो काढतो.

आणि परवाचं. शहरातल्याच एका कार्यालयाला तीन पायऱ्या, रॅम्प नाही. ताई खाली थांबल्या, मी रिपोर्ट घेऊन वर गेले. साहेब भले. बोलत बोलत दारापर्यंत आले.

"करू हो मॅडम रॅम्प. पण खरं सांगू का, आमच्याकडं व्हीलचेअरवालं कुणी येतच नाही. चार वर्षांत मी एकही पाहिलं नाही."

खालून ताईंचा आवाज आला, "येते की साहेब. दर महिन्याला येते. इथपर्यंत."